बारा फर्म्यांची भाषा

खळकाका पुस्तक हातात घेतात ते पाठीकडून. आधी पाठ बघतात, मग पुस्तक मधोमध उघडून टेबलावर ठेवतात आणि हात काढून घेतात. उघडंच राहिलं तर ते पुस्तक. आपोआप मिटलं तर त्यांच्या लेखी तो नुसता कागदाचा गठ्ठा. आत काय लिहिलंय हा प्रश्न त्यांना चाळीस वर्षांत फारसा पडला नव्हता, आणि पडला तेव्हा बराच उशीर झाला होता.

त्यांचं खरं नाव विजेच्या बिलावर आहे, दुसरीकडे कुठे ते वापरात नाही. रोज सकाळी मैद्याची खळ शिजवून, तिचा वास अख्ख्या गल्लीला देऊन ते पुस्तकबांधणीच्या कामाला बसतात, म्हणून खळकाका. खाली कारखाना, वर राहायच्या दोन खोल्या. कारखाना म्हणायचं ते आपल्या समाधानासाठी. तिथे आहे एक कागद कापायचं यंत्र, एक दाबाचा प्रेस, एक शिवणाची चौकट आणि दोन माणसं. दुसरं माणूस म्हणजे काकू. छापखान्यातून आलेल्या मोठ्या कागदाला हाडाच्या पट्टीने घड्या घालून त्या सोळा पानांचा फर्मा करतात, आणि काका ते फर्मे एकावर एक ठेवून, घडीतून दोरा ओवून शिवतात. अशा शिवलेल्या पुस्तकाला जुजबंदीचं पुस्तक म्हणतात. नुसत्या डिंकाने चिकटवलेल्या पुस्तकाला काका जे म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एका रविवारी सकाळी लेकीचा फोन आला. ती लग्न होऊन परमुलखात गेल्याला दहा वर्षं झाली होती. तिने आधी हवापाणी विचारलं, आणि ज्या अर्थी ती हवापाणी विचारतेय त्या अर्थी काहीतरी बिनसलंय, हे काकूंनी ओळखलं. पोटात गाठ निघाली होती. अकरा आठवड्यांनी ऑपरेशन. नंतर पाचेक आठवडे तरी अंथरूण. सासूसासरे हयात नाहीत, नवरा तिच्यापाशी थांबणार. राहता राहिली सात वर्षांची मुलगी.

"आमच्याकडे पाठव की," काकू लगेच म्हणाल्या.

लेकीने पुन्हा हवापाणीच विचारलं. ते का, हे तिघांनाही ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी नात चार वर्षांची असताना आठ दिवस इथे राहिली होती. तिला फक्त बापाची भाषा येत होती; लेकीनेही घरात हळूहळू तीच धरली होती. तिसऱ्या दिवशी पोर रडायला लागली. एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायची. काकांनी तिला खाऊ दिला, रंगीत कागद दिले, खांद्यावर घेऊन गल्लीत फिरवलं. शब्द काही थांबेना. शेवटी दुपारी, कामाच्या घाईत, ते तिच्यावर ओरडले: "पुरे आता." ती थांबली. पुढे दोन दिवस ती अगदी गप्प होती, आणि दोघा म्हाताऱ्यांना वाटलं, रुळली बाई एकदाची. सहाव्या दिवशी सकाळी तिची उशी ओली दिसली. कान फुटला होता. तेव्हापासून तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं.

तो शब्द कोणता, हे काकांनी नंतर लेकीला विचारलं होतं. 'कान.' त्या भाषेतला त्यांना येणारा तो एकच शब्द, आणि तो त्यांनी कधीही कोणाजवळ उच्चारला नव्हता.

"बाबा," लेक म्हणाली, "तिच्या शाळेचं वसतिगृह आहे. तिथे तिचं बोलणं निदान कोणाला तरी कळेल. तुमच्याकडे पाठवायचं तर तुम्हाला तिच्याशी बोलता आलं पाहिजे. तिला काय होतंय हे तिने सांगितलं तर तुम्हाला कळलं पाहिजे. दीड महिन्याने मी पुन्हा विचारते."

"मी शिकतो," काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. एकसष्ट वर्षांचा माणूस, सकाळी लावलेला चष्मा दुपारी शोधतो, आणि म्हणे भाषा शिकतो. पण त्यांनी मोडता घातला नाही. त्यांनाही ते पोर हवं होतं.

गावात ती भाषा शिकवणारं कोणी नव्हतं, म्हणजे आपलं आपणच शिकायचं. शेजारच्या छापखान्यातला मशीनमन सर्वज्ञ. जगातल्या कोणत्याही अडचणीवर त्याच्या फोनमध्ये काहीतरी असतंच. त्याने काकांच्या फोनमध्ये एक अभ्यासक्रम घालून दिला. रोज घंटी वाजायची, बरोबर उत्तराला चांदणी मिळायची. पण चाळीस वर्षं खळीत आणि कागदावर घासून काकांची बोटं अशी गुळगुळीत झाली होती की पडद्याला ती बोटं वाटेचनात. दहादा दाबावं तेव्हा एकदा लागायचं, तेही भलतीकडे. चार दिवसांत त्यांनी मिळवलं काय, तर 'सफरचंद लाल आहे.'

"पोर पोट धरून बसली की मी तिला सांगू का, सफरचंद लाल आहे?" त्यांनी मशीनमनला विचारलं.

"काका, पाया आहे तो. हळूहळू पुढे जातं."

"हळूहळू जायला वेळ कोणाकडे आहे?"

मग ते जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले. पुस्तकवाल्याने तीन अभ्यासक्रम काढून ठेवले. पहिला मोठा खोका, आत सीडीच्या डझनभर तबकड्या आणि एक चोपडी. वर लिहिलेलं, तीस दिवसांत अस्खलित. काकांनी चोपडी मधोमध उघडली, तशी चार पानं त्यांच्या हातात आली. त्यांनी ती पुस्तकवाल्याच्या हातावर ठेवली. दुसरं कोणा प्राध्यापकाचं व्याकरण, चारशे पानं, तारेने टोचलेलं. ते उघडायलाच दोन माणसं लागली असती. तिसऱ्याला मुखपृष्ठच नव्हतं. कोण्या वाचनालयाने जाड कापडात बांधून घेतलेलं, नावाचं पान गळालेलं, मागच्या पुठ्ठ्याला खिसा आणि खिशात दोन तबकड्या. काकांनी ते टेबलावर उघडून हात काढले. पुस्तक उताणं पडून राहिलं. त्यांनी घडीत नख घालून दोरा बघितला. पक्की जुजबंदी, बारा फर्मे, एकही टाका चुकलेला नाही.

"हे कशाचं आहे?" त्यांनी विचारलं.

"भाषेचं स्वयंशिक्षण आहे एवढं नक्की. डाव्या पानावर तिकडची भाषा, उजव्यावर आपली. नावाचं पान असतं तर सांगितलं असतं."

काकांनी पहिली दोन पानं वाचली. आपले स्वागत आहे. आपले नाव काय? आपण कुठून आलात? प्रवास सुखाचा झाला ना? येणाऱ्या लेकराला विचारायचं ते हेच की. आणि ज्याने शिवताना इतका जीव लावला त्याने लिहितानाही लावला असणार. शितावरून भाताची परीक्षा करायची सवय असलेल्या माणसाने केली परीक्षा आणि पुस्तक घरी आणलं.

घरी आल्यावर त्यांनी जे केलं ते बांधणीवाल्याशिवाय दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं. त्यांनी पुस्तक उसवलं. पाठीवरचा सरस ओल्या फडक्याने भिजवून काढला, दोरा कापला आणि बाराही फर्मे सुटे केले. पहिला एप्रनच्या खिशात ठेवला. उरलेले अकरा प्रेसमध्ये वजनाखाली, म्हणजे नजर पुढे धावायला नको. एक फर्मा पाठ झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, हा धंद्याचा नियम त्यांनी अभ्यासाला लावला. शिकून झालं की पुन्हा शिवून ठेवता येईल. डिंकाच्या पुस्तकाचे असे लाड करता येत नाहीत.

त्या दिवसापासून कारखान्यात तबकडी वाजायला लागली. आतला गृहस्थ फार सभ्य होता. एक वाक्य म्हणायचा आणि थांबायचा. त्या थांब्यात काका एक टाका घालायचे आणि वाक्य म्हणायचे. टाका, वाक्य, टाका, वाक्य. काकू घड्या घालता घालता ऐकायच्या आणि मधूनच चूक काढायच्या, कारण त्यांना न शिकता जास्त येत होतं.

पुस्तक जणू काकांसाठीच लिहिलेलं होतं. दुसऱ्या फर्म्यात कृपया पुन्हा सांगा, कृपया सावकाश बोला. तिसऱ्यात खोली, पलंग, उशी, जास्तीचं पांघरूण, गरम पाणी, किल्ली. चौथ्यात 'आपल्याला सकाळी किती वाजता उठवू?' आणि उठणं, झोपणं, जागं होणं हे सगळं सविस्तर. मुक्कामाला येणाऱ्या पोरीला आणखी काय लागतं? काका खूश होते. पाचव्या फर्म्यात 'आपली काही तक्रार आहे का?' हे वाक्य आलं तेव्हा तर त्यांना भरून आलं. तीन वर्षांपूर्वी हे एक वाक्य येत असतं तर. त्या धड्याखाली बारीक अक्षरात सूचना होती: जे आपल्या हातात नाही त्याचे वचन पाहुण्याला देऊ नये; 'क्षमस्व, आत्ता सांगता येत नाही, समजताच कळवू' असे म्हणावे. काकांनी तीही पाठ केली. फर्म्यातलं काहीही सोडायचं नाही.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी लेकीचा फोन आला. आवाज दमलेला होता. काकांनी तिला पुढे बोलूच दिलं नाही. खाकरले आणि एका दमात त्या भाषेत म्हणाले, "आपले स्वागत आहे. प्रवास सुखाचा झाला ना? आपण किती रात्री मुक्काम करणार? आपली खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. काही तक्रार असल्यास कृपया आम्हाला कळवा."

लेक हसली. खूप दिवसांनी इतकी हसली की मागून नवऱ्याने काय झालं म्हणून विचारलं. आणि हसता हसताच तिचा आवाज फुटला.

"बाबा, हे काय शिकलात तुम्ही? हे हॉटेलातलं आहे. हॉटेलात काउंटरवर बसणाऱ्या माणसाचं."

काकांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "भाषा तीच आहे ना?"

"भाषा तीच आहे. पण सात वर्षांच्या मुलीला तुम्ही आपण म्हणणार? किती रात्री मुक्काम विचारणार?" मग ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, ऑपरेशन अलीकडे आणलंय. आजपासून चौदा दिवसांनी. वसतिगृहात इतक्या लवकर जागा नाही. तिला दहा दिवसांत पाठवावं लागेल. दुसरं कोणी नाहीये, म्हणून पाठवतेय."

शेवटचं वाक्य काकांच्या वर्मी बसलं.

मग त्यांनी प्रेसचं चाक फिरवलं आणि वजनाखालचे सहा फर्मे बाहेर काढले. सातवा: हिशेब चुकता करणे. आठवा: मेजवानी व सभागृह. नववा: आजारी पाहुणे व अपघात. दहावा: आग. अकरावा, बारावा: पत्रलेखन. मुलांविषयी अवाक्षर नाही. आजी नाही, आजोबा नाही, गोष्ट नाही, खेळ नाही, 'घाबरू नकोस' नाही.

"शिलाई चांगली होती," काका काकूंना म्हणाले.

"शिलाई चांगलीच आहे," काकू म्हणाल्या. "आता जे आहे त्यात भागवा. दुसरं पुस्तक शोधायला वेळ आहे का?"

नव्हता. फर्मे मागेपुढे लावणं हा बांधणीतला सगळ्यात मोठा गुन्हा. तो काकांनी आयुष्यात प्रथमच केला. सहावा, सातवा, आठवा ओलांडून थेट नवव्यावर गेले. कुठे दुखते आहे? केव्हापासून? डॉक्टरांना बोलावू का? दहा दिवस तेवढंच. खळ शिजवताना, कागद कापताना, अंघोळ करताना, कुठे दुखते आहे.

जावयाने नातीला आणून सोडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो परतला. पोर उंच झाली होती. कोणी बोलायला लागलं की ती मान जराशी वळवून उजवा कान पुढे करायची. ती लहानशी हालचाल दिसली की काका दर वेळी नजर कागदांकडे वळवायचे.

ती बोलेना. पहिला दिवस नाही, दुसरा नाही. जेवायला बसायची, चार घास चिवडायची, उठायची. काका मात्र घड्याळ लावल्यासारखे विचारायचे. सकाळी उठली, कुठे दुखते आहे? दुपारी, कुठे दुखते आहे? ती मान हलवायची आणि एक पाऊल मागे सरकायची. तिसऱ्या दिवशी काकूंनी त्यांना बाजूला घेतलं.

"अहो, तिला काही दुखत नसलं तरी तुम्ही दुखायला लावाल."

"मागच्या वेळी गप्प होती म्हणून आपण समजलो रुळली."

"ते मला सांगू नका. मीही तिथेच होते."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे खरं. पण समोरच्याला दिसतं ते नुसतं फुंकणं. पोरीला तो म्हातारा आपल्यावर नजर ठेवून असलेला दिसत होता, दुसरं काय दिसणार?

चौथा दिवस ऑपरेशनचा. आदल्या दिवशी लेकीनेच बजावलं होतं, पोरीला काही सांगू नका, ती सुटीला आली आहे असंच तिला ठाऊक आहे. सकाळी दहाला लेकीला आत नेणार होते. दहा वाजले. काकूंनी एका कागदाला वाकडी घडी घातली, सरळ केली, पुन्हा वाकडी घातली. मग वर जाते म्हणून उठल्या, कारण त्यांना पोरीसमोर रडायचं नव्हतं.

खाली काका आणि नात राहिली. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. कागदाच्या थप्पीशेजारच्या स्टुलावर ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. एका मालवाहू कंपनीच्या पन्नास नोंदवह्या द्यायच्या होत्या, म्हणून काका चौकटीशी बसले आणि सुई ओवली. हात कामाला लागले की ओठही लागायचे. सहा आठवड्यांची सवय. डोक्यात ऑपरेशनची खोली, हातात दोरा, आणि तोंडाने पुटपुटणं पहिल्या फर्म्याचं.

"आपले स्वागत आहे." टाका. "प्रवास सुखाचा झाला ना?" टाका. "आपण एकट्याच आहात की कुटुंबासोबत?"

"एकटी."

सुई कागदात अर्धी गेली होती, तिथेच थांबली. काकांनी वर पाहिलं नाही. खिडकीत आलेलं पाखरू हललं की उडतं. त्यांनी टाका पुरा ओढला आणि पुढचं वाक्य म्हटलं, कारण पुढचं वाक्य तेच होतं.

"आपण किती रात्री मुक्काम करणार?"

"माहीत नाही," पोर म्हणाली. "मला कोणी सांगितलंच नाही."

काकांना शब्दन् शब्द कळला. त्यांनी हात पुसले, तयार वह्यांतली वरची वही घेतली, पहिलं पान उघडलं आणि पेन्सिल कानावरून काढली. "आपले नाव?" तिने सांगितलं. त्यांनी लिहिलं. "आपण कुठून आलात?" तेही लिहिलं. रात्रींच्या जागी रेघ मारून मोकळं ठेवलं. पोर स्टुलावरून उतरून मेजापाशी आली होती आणि ते काय लिहितात हे बघत होती. काकांनी पेन्सिल पुढच्या रकान्यावर ठेवली.

"आपली काही तक्रार आहे का?"

तिने वहीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग बोलायला लागली ती थांबेचना. काकांना त्यातलं निम्मंही लागलं नाही. "कृपया सावकाश बोला," ते म्हणाले. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश, शब्द तोडून, जसं मंद माणसाला सांगतात तसं. बाबा म्हणाले सुटी. पण बाबा विमानतळावर रडले. आणि मी दाराआडून ऐकलं. आईला झोपवणार आहेत. औषधाने झोपवणार आहेत. मग तिने तो प्रश्न विचारला, आणि 'आई' सोडून त्यातला प्रत्येक शब्द चौथ्या फर्म्यातला होता.

"आई उठणार का?"

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. या पोरीला तीन दिवस ते कान, पोट, घसा विचारत होते. दुखत होतं ते हे.

हो म्हणणं सोपं होतं. 'हो' पहिल्याच पानावर होतं. कोणीही हो म्हटलं असतं, आणि तिच्या भोवतीची सगळी मोठी माणसं गेला महिनाभर वेगवेगळ्या तऱ्हेने हो होच म्हणत होती, म्हणून तर ती कोणाशी बोलत नव्हती. काकांना मात्र माहीत नव्हतं. त्यांची स्वतःची पोर त्या घटकेला टेबलावर होती आणि ती उठणार का, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात मेजावर दाबून धरले. आणि सभ्य गृहस्थ जसा थांबत थांबत बोलायचा तसं ते थांबत थांबत बोलले.

"क्षमस्व. आत्ता सांगता येत नाही. समजताच आपल्याला कळवू."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. काकांना वाटलं, आता रडेल. आपण फार मोठी चूक केली. लेक म्हणाली होती सांगू नका.

"नक्की कळवणार?" तिने विचारलं.

"नक्की."

"आधी मला?"

"आधी आपल्याला."

तिने मान हलवली. मग स्टूल ओढत आणून फोनच्या अगदी शेजारी ठेवलं, उजवा कान फोनकडे करून बसली, आणि सकाळपासून झाकून ठेवलेली ताटली मांडीवर घेऊन खायला लागली.

बारा वाजले. एक वाजला. चार तास लागतील म्हणाले होते. काका शिवत होते, पण एका वहीचे टाके त्यांना दोनदा उसवावे लागले. काकू खाली आल्या, फोनपाशी पहाऱ्याला बसलेली पोर बघितली, नवऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता हाडाची पट्टी हातात घेऊन उभ्या राहिल्या. दोन वाजले. अडीच.

तीनला पाच कमी असताना फोन वाजला. काकांनी उचलला. पलीकडे जावई होता. त्याला काकांच्या भाषेतलं काही येत नव्हतं, आणि तो भराभरा बोलत होता आणि रडत होता. रडणं तर दोन्हीचं असू शकतं.

"कृपया पुन्हा सांगा," काका म्हणाले.

तो पुन्हा बोलला, पुन्हा तसाच.

"कृपया सावकाश." काकांचा आवाज फाटला. "सावकाश बोला."

जावयाने श्वास घेतल्याचं ऐकू आलं. मग तो एकेक शब्द सुटा करून बोलला.

काकांनी फोन खाली ठेवला. काकू पुढे आल्या. "अहो, काय म्हणाला? सांगा ना. अहो." काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला असं कधी थांबवलं नव्हतं. ते गुडघ्यावर बसले, पोरीच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले, "आपली आई उठली."

पोरीने एकदम त्यांच्या गळ्यात हात टाकले, एप्रनवरच्या ओल्या खळीसकट. तेवढ्यावरून काकूंना कळलं. त्या खाली बसल्या आणि आता पोरीसमोरच रडल्या.

त्यानंतर मात्र त्या पोरीला तक्रारींचा सुकाळ झाला. आजी केस ओढते, ही तक्रार. दूध गरम आहे, तक्रार. बूट चावतो, तक्रार. पाचव्या फर्म्यातलं ते एक वाक्य तिला असं आवडलं की दिवसातून चार वेळा ती मेजापाशी येऊन ताठ उभी राहायची, मला तक्रार आहे म्हणायची, आणि काका हात पुसून, वही उघडून, ती रीतसर लिहून घ्यायचे. रात्रींच्या रकान्यात तिने स्वतः चाळीस लिहिलं होतं, कारण लेकीने आता तिला सगळं खरं सांगितलं होतं. काका तिला अजून आपणच म्हणत होते. तूचा फर्मा त्या पुस्तकात नव्हता, आणि तिने तो शिकवायची तसदी घेतली नाही. तिला त्यात मजा वाटत असावी.

तिसऱ्या आठवड्यात एकदा, सकाळी खळ चुलीवर असताना, ती जिन्यावरून खाली आली. त्या दिवशी ती ताठ उभी राहिली नाही. काकांच्या कोपराशी येऊन हळूच म्हणाली, "मला तक्रार आहे."

"सांगा," काका म्हणाले.

तिने तो शब्द उच्चारला. तीन वर्षांपूर्वीचाच. आणि उजव्या कानावर बोट ठेवलं.

काकांनी नवव्या फर्म्यातलं एकही वाक्य म्हटलं नाही. खळ तशीच सोडली, हातसुद्धा पुसले नाहीत. दहा मिनिटांत ते तिला घेऊन डॉक्टरांच्या दारात होते, पायात चपला वेगवेगळ्या.

"कालपासून सुरू झालेलं दिसतंय," डॉक्टर तपासून म्हणाले. "वेळेत आणलंत. तिने लगेच सांगितलं का?"

"हो," काका म्हणाले. "सांगितलं."

खळ करपली. तिचा वास दोन दिवस गल्लीतून गेला नाही. मालवाहू कंपनीला पन्नासांपैकी एकोणपन्नास वह्या गेल्या; एक खराब झाली, असं काकांनी त्यांना कळवलं.